पेठेत कुणी गेलं की पेपरात काय द्यायचं? निधनवार्तेपासून मृत्युलेखापर्यंत

मी शाळामास्तर, आता निवृत्त. अक्षर बरं आणि मोबाईलवर मराठी टाइप करता येतं, एवढ्या भांडवलावर गेली दहाबारा वर्षं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एक काम माझ्या गळ्यात पडलंय. कुणी गेलं की तासाभरात फोन येतो, "मास्तर, पेपरात द्यायचंय, जरा लिहून देता काय?" घरात रडारड चालू असते, तिरडीचं सामान आणायला पोरं गेलेली असतात, आणि कोपऱ्यात बसून कुणीतरी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की' असं लिहून पुढं अडकलेला असतो. हा लेख त्या माणसासाठी आहे. गावातला एखादा नामवंत गेल्यावर ज्याला 'चारशे शब्द लिहून दे' म्हणून सांगितलं जातं, त्या नवख्या वार्ताहरासाठीही आहे. सातवा टप्पा खास त्याचाच.

सुरुवात माझ्याच चुकीनं करतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सोमवारी रात्री गेले. मंगळवारी दुपारी मी मजकूर दिला: "रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता." माझ्या डोक्यात उद्या म्हणजे बुधवार. पेपर वाचकाच्या हातात पडला बुधवारी, आणि वाचकाचा उद्या झाला गुरुवार. आबांचे गडहिंग्लजचे एक जुने दोस्त गुरुवारी पहाटेची पहिली एसटी धरून आले आणि पंचगंगा स्मशानभूमीत हार घेऊन एकटेच उभे राहिले. तिथल्या कामगारानं त्यांना सांगितलं, "काल झालं की ओ." ते तिथून सरळ आमच्या घरी आले. मला एका शब्दानंही बोलले नाहीत. चहा घेतला, हार आबांच्या फोटोला घातला आणि गेले.

तेव्हापासून मी एवढंच धरून चाललोय की या मजकुराची कामं दोन. माणसं वेळेवर पोचली पाहिजेत, आणि गेलेला माणूस कोण होता ते ओळखू आलं पाहिजे.

१. आधी ठरवा: बातमी, जाहिरात की लेख?

तिन्ही एकच समजून लोक पेपरच्या ऑफिसात जातात आणि वाद घालून परत येतात.

निधनवार्ता ही बातमी असते. चार-पाच ओळी, सोबत जमलं तर छोटा फोटो. तिला पैसे पडत नाहीत, म्हणूनच ती कधी, कुठं आणि किती छापायची हे पेपर ठरवतो. 'आमच्या काकांची आत का टाकली, पहिल्या पानावर का नाही' असं भांडता येत नाही.

जाहिरात म्हणजे चौकटीतली 'दुःखद निधन', 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'प्रथम पुण्यस्मरण', 'ऋणनिर्देश'. इथं तुम्ही जागा विकत घेता, त्यामुळं शब्द तुमचे, फोटो तुमचा, शोकाकुल म्हणून नावांची यादीही तुमची. दर चौरस सेंटीमीटरवर लागतो. आवृत्ती, पान आणि रंगीत की काळी-पांढरी यावर तो बदलतो. आधी आकार ठरवून भाव विचारा, मग मजकूर बसवा. उलट केलं की सगळ्या पाहुण्यांची नावं घालता घालता चौकट दुप्पट होते आणि आकडा ऐकून घरात नवा तंटा उभा राहतो.

मृत्युलेख हा लेख. माणूस सार्वजनिक जीवनात असेल, निदान एखाद्या तालमीत, शाळेत, संस्थेत, चळवळीत त्यानं काही केलं असेल, तर तो लिहिला जातो. घरच्यांनी तो स्वतः लिहू नये असं माझं मत आहे. माहिती द्यावी, लिहू द्यावं दुसऱ्याला.

२. हाताशी काय पाहिजे

- गेलेल्या माणसाचं आधार कार्ड, नाव आणि जन्मतारीख बघायला. जुन्या माणसांची आधारवरची तारीख बऱ्याचदा शाळेत घालताना अंदाजे सांगितलेली, १ जूनची असते. घरच्यांना खरी माहीत असेल तर तीच धरा.
- रुग्णालयानं दिलेला मृत्यूचा कागद, किंवा घरी गेले असतील तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र. जाहिरात द्यायची असेल तर सहसा हे किंवा स्मशानभूमीतली पावती मागतात.
- एक चांगला फोटो.
- घरातल्या एकाच माणसाचा फोन नंबर, जो उचलला जाईल. मयताच्या मोठ्या मुलाचा देऊ नका, तो त्या दिवशी कुणाचाच फोन घेत नाही. जावई किंवा पुतण्या बरा.
- मजकूर टाइप केलेला, युनिकोडमध्ये. हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला की 'श्यामराव'चा शामराव होतो आणि 'सुतार'चा सातार.

जाता जाता एक. पेपरातलं कात्रण हा मृत्यूचा पुरावा होत नाही. बँक, विमा, पेन्शन, सातबाऱ्यावरची वारस नोंद, सगळीकडं मृत्यूचा दाखलाच लागतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. त्यापुढं परवानग्या लागतात आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नोंदीसाठी कळवणं दवाखान्याचं काम, घरी झाला असेल तर घरच्यांचं. नावाचं स्पेलिंग तिथंच तपासा, पुढं दुरुस्तीला चपला झिजतात.

३. खात्री करा, मग लिहा

घरचं माणूस असेल तर हा टप्पा लागू नाही. पण वार्ताहर असाल तर पहिला नियम हाच. घरातला माणूस किंवा उपचार करणारा डॉक्टर, या दोघांपैकी एकानं सांगितल्याशिवाय 'निधन' हा शब्द लिहायचा नाही. व्हॉट्सॲपवर दहा ग्रुपवर आलं म्हणजे दहा साक्षीदार झाले असं नव्हे, एकानं टाकलेलं नऊ जणांनी पुढं ढकललेलं असतं.

'एवढी मोठी चूक कोण करतंय' असं वाटत असेल तर २२ मार्च १९७९ आठवा. जयप्रकाश नारायण गेल्याचं खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगितलं, सभागृहानं श्रद्धांजलीही वाहिली. जेपी तेव्हा मुंबईत रुग्णालयात होते, जिवंत. ते गेले ८ ऑक्टोबरला, साडेसहा महिन्यांनी. देशाच्या पंतप्रधानाकडं आलेली माहिती चुकू शकते, तर आपल्या गल्लीतल्या ग्रुपचं काय घेऊन बसलात.

दवाखान्यात व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाबद्दल तर कानावर हात ठेवा. 'आता काही राहिलं नाही' हे नातेवाईक हताश होऊन बोलतात. ती बातमी नसते.

४. पाच ओळींची निधनवार्ता

कोल्हापुरातल्या पेपरात सरधोपट साचा असा असतो. रिकाम्या जागा तुमच्या:

"कोल्हापूर : येथील ...... पेठेतील ...... ऊर्फ ...... (वय ..) यांचे ...... निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन बुधवारी (ता. ..) सकाळी नऊ वाजता पंचगंगा स्मशानभूमीत आहे."

साचा सोपा दिसतो. घोळ प्रत्येक रिकाम्या जागेत आहे.

नाव. कोल्हापुरात माणूस आधारवरच्या नावानं ओळखला जात नाही. तीस वर्षं ज्याला सगळी पेठ 'बापू' किंवा 'वस्ताद' म्हणते, त्याचं कागदावरचं नाव शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. 'ऊर्फ' घातलं नाही तर ओळखीची माणसं बातमी वाचून पुढं जातात आणि आठवड्यानं विचारतात, "अहो, आम्हाला कळवलं नाही?" नाव टाइप झालं की घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. चूक डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच कळते.

नावाआधीची अक्षरंही जपून. पैलवानाला 'पै.', कीर्तनकाराला 'ह.भ.प.' लावायचं असेल तर लावा. पण निधनाच्याच बातमीत नावाआधी 'कै.' लावू नका. 'कै. अमुक यांचे निधन' म्हणजे गेलेला माणूस पुन्हा गेला.

कारण. 'अल्पशा आजाराने', 'प्रदीर्घ आजाराने', 'हृदयविकाराच्या धक्क्याने', 'वृद्धापकाळाने' हे चार शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत, पण त्यांचा उपयोग आहे. ज्या घराला कारण सांगायचं नाही, त्याला ते आडोसा देतात. आडोसा नको असेल तर नुसतं 'निधन झाले' पुरतं. घरच्यांना न विचारता आजाराचं नाव घालू नका.

परिवार. इथं खरी कसोटी. नावं न घालता फक्त नाती आणि आकडे घाला. नावं घातली की एक राहतं, आणि जे राहतं ते आयुष्यभर लक्षात ठेवतं. विवाहित मुली मोजायच्या राहू नयेत. अजूनही 'दोन मुले' लिहून तीन लेकी गायब करणारे मजकूर माझ्याकडं येतात. 'मुले' शब्दात मुली धरल्यात की नाहीत हे वाचणाऱ्याला कळत नाही, म्हणून 'मुलगे' आणि 'मुली' असं सुटं लिहा.

शेवटी एक शेपूट असतं: 'अमुक बँकेचे संचालक अमुक यांचे ते सासरे होत.' कुणाच्या तरी ओळखीनं मयत ओळखू यावा म्हणून ही पद्धत पडली, आणि ती उपयोगी आहे. पण एक जोडलं की दुसरा म्हणतो माझंही घाला, तिसरा नगरसेवकाच्या मेहुण्याचं नाव सुचवतो. मी एकाच्या पुढं जात नाही. एका मजकुरात मयताचं नाव एकदा आणि जिवंतांची सहा वेळा आली होती. ते सगळं खोडल्यावर एक गृहस्थ माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, चालायचंच.

बाईमाणसाच्या वार्तेत तर हमखास 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या' एवढंच येतं. मागच्या उन्हाळ्याआधी आमच्या बोळातल्या एक आजी गेल्या. मुलानं आणलेल्या कागदावर हेच होतं. मी म्हटलं, त्या काय करायच्या? तो म्हणाला, "घरकाम, दुसरं काय." आतनं सून म्हणाली, "असं कसं? पेठेतल्या निम्म्या घरांची चटणी आत्यांनी कांडून दिली. मिरच्यांचा ठसका लागून आम्ही शिंकत असायचो आणि त्या तोंडाला पदर बांधून कांडपाजवळ." दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'चटणी कांडपाच्या व्यवसायातून त्या परिसरात परिचित होत्या.' एक ओळ वाढली. रक्षाविसर्जनाला ज्या बायका आल्या, त्यातल्या निम्म्यांना घरच्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं.

दिवस आणि वेळ. 'आज', 'उद्या', 'परवा' हे शब्द तुमच्या मजकुरात नकोतच. वार आणि तारीख, दोन्ही. पेपरवाले त्यांच्या पद्धतीनं 'आज (ता. १२)' करतील तर करू देत, ते छपाईच्या दिवसाचा हिशेब धरून करतात.

आणि विधी ज्याचा त्याचा. 'रक्षाविसर्जन' हा शब्द आपल्याकडं इतका रुळलाय की काही जण तो सगळ्यांना चिकटवतात. मुस्लिम कुटुंबात दफनविधी आणि त्यानंतर जियारत, म्हणजे कबरीवरची प्रार्थना, असते. लिंगायत समाजात बहुतेक ठिकाणी दफन करतात आणि मजकुरात 'लिंगैक्य' किंवा 'शिवैक्य' लिहितात. ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये हे महत्त्वाचं. जैन कुटुंबात सल्लेखना, म्हणजे अन्नत्याग करून स्वीकारलेलं मरण, घेतली असेल तर 'आजाराने निधन' लिहिणं त्यांना पटणार नाही. हल्ली काही घरं रक्षा नदीत न सोडता शेतात किंवा झाडाच्या आळ्यात घालतात, मग जागाच बदलते. विचारल्याशिवाय लिहू नका. 'मातीला किती वाजता' हे सगळे एकमेकांना फोनवर विचारतात, ते पेपरात यायच्या आत होऊन गेलेलं असतं. पेपर उपयोगी पडतो तो पुढच्या विधीसाठी.

घराचा पूर्ण पत्ता मात्र छापू नका. पेठ आणि गल्ली पुरे. सगळं घर नऊ वाजता घाटावर असणार हे तुम्ही गावाला सांगताय, त्यात घर नंबरही सांगायची गरज नाही.

५. फोटो

आधार कार्डावरचा फोटो देऊ नका, त्यात कुणीच माणसासारखं दिसत नाही. भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो काढताना काच चमकते, तसबीर उतरवून खिडकीजवळ तिरकी धरा आणि फ्लॅश बंद करा. लग्नातला फेटा घातलेला फोटो चालतो, पण खांद्यावर दुसऱ्याचा हात येत असेल तर नीट कापून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, साधा पाठवला की बारीक होऊन जातो. फाईलला मयताचं नाव द्या. एका दिवशी पेपरकडं आठदहा फोटो येतात, आणि नाव नसलेले दोन फोटो एकमेकांच्या बातमीत गेले तर काय होतं याची कल्पना करा. मी पाहिलंय.

६. कुठं, कुणाला, किती वाजेपर्यंत

'पुढारी' तर कोल्हापूरचाच. 'सकाळ', 'लोकमत', 'तरुण भारत' वगैरेंच्या इथल्या आवृत्त्या आहेत. प्रत्येकाकडं निधनवार्ता घेणारं एक टेबल असतं, त्याचा नंबर मागून घ्या. ओळखीच्या बातमीदाराला फोन केला तरी तो शेवटी त्याच टेबलावर पाठवतो, मधे एक हात वाढतो एवढंच.

दुपारी चारच्या आत मजकूर गेला तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी येतो. संध्याकाळी सातनंतर पानं लागायला घेतात, तेव्हा फोन केला तर उपसंपादक तुटकच बोलणार, त्याचं मनावर घेऊ नका. जागा नसली तर बातमी एक दिवस पुढं जाते. म्हणून मजकुरात तारीख असेल तर निदान चुकीचं तरी छापलं जात नाही. सगळ्या पेपरांना एकच मजकूर पाठवा. एकात वय ७६ आणि दुसऱ्यात ७८ आलं की गल्लीत आठवडाभर चर्चेला तेवढंच पुरतं.

७. सार्वजनिक माणसावर मृत्युलेख लिहायचा असेल तर

इथं वेळ सगळ्यात कमी आणि चुकायला जागा सगळ्यात जास्त. मी असे लेख मोजकेच लिहिलेत, बहुतेक तालमीतल्या खेळाडूंवर आणि शिक्षकांवर. पण पेठेतल्या एका निवृत्त उपसंपादकानं माझे मसुदे इतक्या वेळा लाल केलेत की नियम पाठ झाले.

पहिलं, वय वजाबाकीनं काढू नका. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा आणि निधन ६ मे १९२२ चं. नुसती सालं वजा केली तर ४८ येतात, पण वाढदिवस यायचा होता, म्हणून वय ४७. जगदीश खेबुडकर १० मे १९३२ ला जन्मले आणि ३ मे २०११ ला कोल्हापुरातच गेले. एका आठवड्यानं ७९ पुरी झाली असती. वय ७८.

दुसरं, जन्मतारीख एकाच ठिकाणी बघून थांबू नका. शाहू महाराजांचीच तारीख जुन्या कितीतरी पुस्तकांत २६ जुलै अशी आहे. आता २६ जून धरली जाते आणि तोच दिवस राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. भालजी पेंढारकरांचं जन्मसाल कुठं १८९७ तर कुठं १८९८ सापडतं. ते २६ नोव्हेंबर १९९४ ला गेले हे पक्कं, पण वय ९७ की ९६, हे तुम्ही कुठलं साल धरता त्यावर. अशा वेळी वय न लिहिता फक्त निधनाची तारीख दिली तरी लेखाचं काही बिघडत नाही.

तिसरं, 'पहिला' हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा. खाशाबा जाधवांना 'भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक विजेते' म्हणून टाकतात. हॉकीची सुवर्णपदकं त्याआधीची आहेत. बरोबर वाक्य असं: १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी मिळवून दिलं. 'स्वतंत्र' आणि 'वैयक्तिक', यातला एक शब्द गाळला तरी वाक्य खोटं होतं. तसंच हिंदकेसरी आणि महाराष्ट्र केसरी हे दोन वेगळे किताब आहेत. श्रीपती खंचनाळे १९५९ चे पहिले हिंदकेसरी. लाल मातीच्या गावात राहून या दोन किताबांची गल्लत केलीत तर सकाळी आठच्या आत एखाद्या वस्तादाचा फोन येणार.

चौथं, पद आणि साल एकमेकांशी जुळतंय का बघा. यासाठी मी वहीच्या पहिल्या पानावर चार तारखा लिहून ठेवल्यात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ चं. कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ ची. आता 'त्यांनी १९५८ साली शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतली' असं घरच्यांनी सांगितलं तर ते कसं होईल? राजाराम कॉलेजातून घेतली असेल, कॉलेज १८८० पासून आहे, पण पदवी दुसऱ्या विद्यापीठाची. 'साठच्या दशकात महापौर होते' असं कुणी म्हणालं तर तेव्हा महापालिकाच नव्हती, ते नगराध्यक्ष असणार. 'माजी आमदार' लिहिताना विधानसभा की विधान परिषद हे विचारा. घरचे खोटं बोलत नाहीत, त्यांना तेवढा फरक वाटत नाही इतकंच.

पाचवं, गाव कुणाचं? माणूस मोठा झाला की चार गावं त्याला आपला म्हणतात. व्ही. शांताराम कोल्हापूरचे, 'प्रभात' १९२९ साली इथंच सुरू झाली, पण १९३३ मध्ये ती पुण्याला गेली आणि शांतारामबापू १९९० साली मुंबईत गेले. खाशाबा गोळेश्वरचे, म्हणजे कराडजवळचे, शिकले राजाराम कॉलेजात. एन. डी. पाटील सर वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे, पण कोल्हापूर त्यांची कर्मभूमी, आणि १७ जानेवारी २०२२ ला ते गेले तेही कोल्हापुरातच. जन्म, शिक्षण, काम आणि मृत्यू, चारही जागा सुट्या लिहिल्या की कुठल्याच गावाचा राग येत नाही.

घटना आणि मृत्यू वेगवेगळ्या दिवशी असतील तर दोन्ही द्या. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या १६ फेब्रुवारी २०१५ ला, कोल्हापुरात. ते गेले २० फेब्रुवारीला, मुंबईत. 'कोल्हापुरात हत्या' एवढ्या दोन शब्दांत हे चार दिवस आणि दुसरं शहर पुसलं जातं.

तारखा झाल्या की माणूस. तीन फोन करा: बरोबर काम केलेला एक, त्यांच्याशी भांडलेला एक, आणि हाताखाली शिकलेला एक. पहिला गुण सांगतो, दुसरा स्वभाव सांगतो, तिसरा सवयी सांगतो. लेख तिसऱ्याच्या जिवावर उभा राहतो. पदांची यादी कुणाच्या डोळ्यापुढं काही उभं करत नाही. एन. डी. सरांबद्दल 'माजी सहकारमंत्री' हे लिहावंच लागतं, पण कोल्हापूरकराला आठवतात ते पंचाऐंशीच्या घरात असताना टोलविरोधी आंदोलनात रस्त्यावर आलेले सर. लेखाची सुरुवात तिथून करा, मंत्रिपद पाचव्या ओळीत येऊ दे.

इथं तालमींचे फुटबॉल संघ असतात. मी एका तालमीच्या जुन्या गोलकीपरवर लिहिलं तेव्हा पहिल्या मसुद्यात 'फुटबॉलसाठी आयुष्य वेचलेले' असं होतं. उपसंपादकांनी त्यावर काट मारली आणि विचारलं, "म्हणजे काय केलं?" मग त्यांच्या शिष्याला गाठलं. तो म्हणाला, सामना संपला की सर गोलपोस्टची जाळी स्वतः सोडायचे आणि घडी घालून घरी न्यायचे, फाटली असेल तिथं रात्री सुतळीनं शिवायचे. तेवढं लिहिलं, आयुष्य वेचायची गरज उरली नाही.

टाळायचे शब्द: अजातशत्रू, काळाच्या पडद्याआड, कधीही भरून न येणारी पोकळी, प्राणज्योत मालवली, सर्वत्र हळहळ. हे शब्द असलेल्या लेखातलं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी तो लेख तसाच चालतो, म्हणून तो कुणाचाच नसतो. 'अजातशत्रू' तर राजकारणातल्या माणसाला लावूच नका. ज्याला शत्रू नव्हता त्यानं मग केलं काय, असा प्रश्न पडतो.

आणि 'मी' आवरा. मराठी श्रद्धांजलीतला सगळ्यात जुना रोग हा. 'माझी आणि त्यांची पहिली भेट' इथून सुरू होऊन लेख लेखकाच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनापर्यंत जातो आणि मयत व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसलेला दिसतो. स्वतःला एका प्रसंगात एकदाच येऊ द्या.

दोष लिहायचे का? गल्लीतल्या माणसाच्या निधनवार्तेत नाही. सार्वजनिक माणसाच्या लेखात, लोकांना माहीत असलेला वाद गाळला तर वाचक बाकीच्यावरही विश्वास ठेवत नाही. काय झालं होतं ते दोन सरळ वाक्यांत, विशेषणं न लावता. प्रकरण कोर्टात असेल तर निकालाच्या पुढं एक शब्दही जाऊ नका.

जुनी माहिती लागली तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन विचारा, १८५० पासूनचं ग्रंथालय आहे. विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातही चौकशी करावी. मराठी विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो. सत्कार समारंभाच्या गौरवांकावर मात्र अर्धाच विश्वास ठेवा, तो हार घालताना लिहिलेला असतो.

८. चूक छापून आली तर

सकाळी दहाच्या आत फोन करा, आवाज न चढवता. काय चुकलं, काय पाहिजे, एवढंच सांगा आणि तुम्ही पाठवलेला मूळ मजकूर पुन्हा पाठवा. चूक त्यांची असेल तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती येते. रक्षाविसर्जनाची वेळ चुकली असेल तर दुरुस्तीची वाट बघत बसू नका. गल्लीच्या तोंडाशी फलकावर खडूनं लिहा, ग्रुपवर टाका, आणि चुकीच्या वेळेला घरातला एक माणूस घाटावर उभा करा. आबांच्या वेळी हे कुणी मला सांगितलं असतं तर.

चौकातल्या डिजिटल फलकालाही हेच नियम. तिथली चूक तर दहा फुटी असते आणि पंधरा दिवस टांगलेली.

९. कात्रण

त्या दिवसाचे तीन अंक घ्या, संध्याकाळपर्यंत मिळत नाहीत. एक पूर्ण अंक तसाच ठेवा, एकाचं कात्रण करा, एक बाहेरगावच्या लेकीला द्या. कात्रणाला सेलोटेप लावू नका, दोनचार वर्षांत ती पिवळी पडून अक्षरं खाते. साध्या खळीनं वहीत चिकटवा आणि समासात पेपरचं नाव, तारीख आणि पान नंबर पेनानं लिहा.

आबांच्या कात्रणावर मी ते लिहिलं नाही. त्यांची तारीख मला पाठ आहे, पण पेपर कुठला आणि पान कितवं, हे आता सांगता येत नाही. मागच्या बाजूला गुळाचे सौदे छापलेत, अर्धे कापले गेलेले. त्यावरून गुऱ्हाळं चालू होती एवढंच कळतं.